तिसरा कान

आमच्या थोरल्या दिरांना तीन कान होते. दोन डोक्याला आणि तिसरा कमरेला. हा तिसरा कान म्हणजे लाकडी मुठीचा, दीड वीत लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, की मोटारीच्या पोटात कुठे काय दुखतंय ते त्यांना ऐकू येई. लोणावळ्यापासून पवनानगरपर्यंत जुन्या मोटारींचा असा वैद्य दुसरा नाही, असं लोक म्हणत. पण लोकांना अर्धंच माहीत होतं. मोटार समोर नसली की तो कान कशालाही लागायचा. मिक्सरला लागायचा, गाभण म्हशीला लागायचा, बाजारातून आणलेल्या नारळाला लागायचा. माझ्या लेकीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा दीर मधूनच उठले आणि भिंतीला कान लावून उभे राहिले. पाहुणे चहाच्या बश्या हातात धरून गप्प. बऱ्याच वेळाने दीर म्हणाले, "आत काय तरी चालतंय." लग्न जमलं, लेक नांदायला गेली, आणि सहा महिन्यांनी त्या भिंतीचा गिलावा पडला तर आत वाळवीचं वारूळ, माणसाच्या मांडीएवढं. तेव्हापासून त्यांनी कशाला कान लावला की आम्ही हातातलं काम टाकून थांबायचो. ऐकू त्यांना येई, काटा आमच्या अंगावर येई.

सगळे त्यांना भाऊ म्हणतात, म्हणून मीही इथे भाऊ लिहिते. तोंडाने मी त्यांना काहीच म्हणत नव्हते. आमच्यात धाकट्याच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचं नसतं, समोर बसायचं नसतं, हातातून हातात वस्तू द्यायची नसते. लग्न होऊन मी ह्या घरात आले त्याला ह्या गोष्टीच्या वेळी तीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो आणि तरी रोज बोलत होतो. ते मांजराकडे बघून म्हणायचे, "धाकटीला म्हणावं, आमटीत मीठ ऱ्हायलंय." मी माठाकडे बघून म्हणायची, ताटात डाव्या बाजूला वाढलंय. मांजर मेलं तेव्हा आमची आठवडाभर फार पंचाईत झाली. मग त्यांनी पंख्याला धरलं. पंखा फिरत असला की त्यांना वाटे, निरोप नीट पोचत नाही, म्हणून आधी बटण बंद करत आणि मग बोलत.

जाऊबाई होत्या तोवर मांजराची नि पंख्याची गरज पडली नव्हती. मी त्यांना बाई म्हणायची. भाऊंचा निरोप माझ्यापर्यंत आणायचं काम बाईंचं, आणि त्या तो कधी होता तसा आणत नसत. भाऊ म्हणत, भाजी बरी झालीय. बाई स्वयंपाकघरात येऊन सांगत, "म्हनत्यात, लय दिसांनी मानसात बसून जेवल्यावानी वाटलं." मला सगळं कळायचं, तरी बरं वाटायचं. बाई माघात गेल्या. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. डॉक्टर येईपर्यंत आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. भाऊंनी कमरेचा स्क्रू ड्रायव्हर काढला, टोक खाटेच्या लाकडाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, मान हलवली, चपला घालून गेलेसुद्धा. भाऊंनी कान काढला नाही. आमच्या ह्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा डोळे न उघडता एवढंच म्हणाले, "थांब. अजून येतंय."

काय येत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

माणसांचं आणि मोटारीचं त्यांना वेगळं असं नव्हतंच. सकाळी खोकणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल म्हणत, थंडीत चोक ओढल्याबिगर चालू होत न्हाई. भरभर बोलणाऱ्या बाईला म्हणत, हिला पेट्रोल जास्त होतंय. कार्बोरेटर म्हणजे काय, हे त्यांनी एकदा माझ्या लेकीला समजावलं, ते मी दाराआडून ऐकलं आणि आजवर विसरले नाही. "कार्बोरेटर म्हंजी गाडीची चूल. लाकूड जास्त सारलं तर धूर, कमी सारलं तर इझली. आन चुलीला वारा पायजे. वाऱ्याबिगर चूल न्हाई." कार्बोरेटरच्या पोटात एक वाटी असते, तिच्यात पेट्रोल साठतं, आणि जेट नावाच्या पितळी मण्यातून केसाएवढ्या धारेने ते पुढे जातं. हे जेट हरवू नयेत म्हणून भाऊ ते देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवत. हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईच्या कपाळावर मी कुंकवाबरोबर एक जेट चिकटवला होता. ती घरी पोचल्यावर तिच्या सासूला दिसला. आणि वाटीचं म्हणाल तर ती धुऊन पुसून ओट्यावर वाळत घातलेली असे, एकदा मी तिच्यात लसणाची चटणी वाढली. भाऊंनी चटणी सगळी खाल्ली आणि पंख्याला म्हणाले, "धाकटीला म्हणावं, वाटी चांगली हाय, पर गाडी शिंकंल."

त्यांची स्वतःची मोटार दह्याच्या रंगाची, गोल डोळ्यांची, माझ्या लग्नाहून जुनी. कोण्या बंगलेवाल्याने दुरुस्तीला आणून टाकली, ती तो परत न्यायला आलाच नाही. दर गुरुवारी भाऊ आणि बाई तिच्यातून पवनानगरला बाईंच्या भावाकडे जायचे. पुढच्या सीटवर हत्यारं बसत, म्हणून बाई मागे डावीकडे बसायच्या. दुधिवरे खिंड चढून माथ्यावर आलं की एक वळण लागतं आणि वळणावर अचानक खाली धरणाचं पाणी दिसतं. बाईंचं माहेर त्या पाण्यात आहे. धरण झालं तेव्हा त्या परकरी होत्या. वैशाखात पाणी उतरलं की तिथल्या देवळाचा शेंडा तेवढा वर येतो, बाकी वर्षभर काही नाही, नुसतं पाणी. त्या वळणावर बाई दर गुरुवारी म्हणायच्या, "थांबवा जरा, माहेर बघते." भाऊ थांबवायचे. बाई खाली उतरायच्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या, मग "हुश्श" करून परत आत बसायच्या. जमिनीवरून उठताना, पायरी चढून आल्यावर, पोळपाट उचलताना, सगळ्याला त्यांचा तोच हुश्श. डोळे मिटून ऐकला तरी कळावं, ह्या बाई आहेत.

बाई गेल्यावरही भाऊंनी गुरुवार सोडला नाही. पण वर्षभर त्यांनी त्या वळणावर गाडी थांबवली नाही की मान वळवली नाही. सरळ जायचे, सरळ यायचे.

आता माझं सांगायला हवं. बाईंना प्रत्येक बरणी हवाबंद लागायची. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवायच्या, त्यांचे गोल कापायचे, दुहेरी करून झाकणाच्या आत दाबून बसवायचे, वर कापडाचा दादरा बांधायचा. मुंगी सोडा, वासही आत-बाहेर जायचा नाही. बाईंचं वर्षश्राद्ध झालं, पुढे ज्येष्ठात मी पहिल्यांदा एकटीने लोणचं घातलं. बरण्या पत्र्याच्या शेडमध्ये फळीवर, आणि फळीला लागून गाडी. तिच्या टाकीच्या झाकणातलं रबरी वायसर, म्हणजे आतली चकती, चुरा होऊन गळून गेलं होतं आणि पेट्रोलचा वास थेट लोणच्याला लागत होता. भाऊंना सांगायचं तर मध्ये बाई नाहीत. पंख्याला सांगायचं तर वीज नव्हती, आणि बंद पंख्याशी आपण होऊन बोलणं मला बरं दिसलं नाही. मी दुधाच्या पिशवीचा एक गोल कापला, दुहेरी केला आणि टाकीच्या झाकणात घट्ट बसवून टाकला. वास गेला. मी ते विसरूनही गेले.

त्यानंतरच्या गुरुवारी गाडी खिंडीच्या वळणावर बंद पडली.

बाई जिथे थांबवायला सांगायच्या, नेमकी तिथेच. भाऊंनी बॉनेट उघडलं, कार्बोरेटरचं झाकण काढलं, तर वाटी कोरडी. टाकीत पेट्रोल भरपूर आणि वाटीत टिपूस नाही. टाकीत काठी बुडवून बघावी म्हणून झाकण फिरवलं, तर आतून आवाज आला, हुश्श. घरी येऊन त्यांनी हे आमच्या ह्यांना सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. हात तसाच परातीत राहिला. थोडा वेळ थांबल्यावर गाडी जशी काही झालंच नाही तशी चालू झाली, म्हणाले. पुढच्या गुरुवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तेच वळण, तोच हुश्श.

मग भाऊंनी त्या गाडीत जे काही उघडता येतं ते सगळं उघडलं. जेट धुतले, फुंकले, उन्हाकडे धरून पाहिले. पंपाचा पडदा बदलला. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची नळी सोडवून तिच्यातून हवा मारली. टाकी उतरवून अंगणात धुतली, तेव्हा गल्लीतल्या कोणी दोन दिवस विडी पेटवली नाही. अंगणात गाडी चार-चार तास चालू ठेवली, एकदाही बंद पडली नाही. दर अर्ध्या तासाने भाऊ काठी बुडवून पेट्रोल बघायचे आणि पुन्हा कान लावून बसायचे. बोलावून आणलेला एक मेस्त्री झाकण हातात घेऊन म्हणाला, भाऊ, ह्यात हे काय बसवलंय. भाऊंनी झाकण त्याच्या हातातून काढून घेतलं. "त्ये हिनं लावल्यालं हाय. हिच्या हातचं. त्याला हात लावायचा न्हाई." मी दारामागे होते. ते बाईंचं नाही, माझं आहे, हे सांगायला तोंड उघडलं आणि पदराने पुसून मिटलं.

गल्लीत बोलायला लागले की गेलेली म्हातारी वळणावर गाडी धरून ठेवतीय. शेडमध्ये कुत्रं जाईना. मी बरण्या आणायला गेले की गाडीकडे पाठ न करता उलट्या पावली बाहेर यायची. पण भीती मला तिची नव्हती. ते वळण आंधळं आहे. पावसाळ्यात खिंडीत भरदुपारी एवढं धुकं असतं की स्वतःच्या पायातली चप्पल दिसत नाही, आणि शहरातून फिरायला आलेल्या लोकांच्या जीपा त्या धुक्यातून सुसाट जातात. भाऊ तिथे रस्त्यात बंद गाडीत बसून असायचे, आधी पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग तासभर. एका गुरुवारी मागचा दिवा फुटून आले. आमचे हे म्हणाले, "भाऊ, एक दिवस कोन तरी ठोकणार हाय." भाऊंनी शांतपणे उत्तर दिलं, ती जिथं थांबवते तिथं थांबायचं, तिने आजवर कधी वंगाळ जागी थांबवलं नाही.

श्रावणात बाईंच्या भावाकडे नातीचं बारसं गुरुवारीच निघालं. ह्यांना ड्युटी होती. पवनानगरची जीप पावसामुळे येईना. शेवटी मी भाऊंच्या गाडीत मागे उजवीकडे बसले, मांडीवर लोणच्याचा डबा. डावीकडची जागा तशीच मोकळी. गाडीत आम्ही दोघंच, न मांजर, न माठ, न पंखा. भाऊ आरशाला म्हणाले, "धाकटीला म्हणावं, दार नीट लाव." मी डब्याला सांगितलं, लावलंय. पुढे दोन कोस कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

खिंडीचा चढ लागला तसं धुकं काचेला चिकटलं. मी सहज डावीकडे पाहिलं. माझ्या बाजूची काच स्वच्छ होती. डावीकडच्या काचेवर आतून वाफ धरली होती, तोंडासमोर धरते तेवढीच, वाटीच्या आकाराची. त्या खिडकीचं रबर फाटलेलं आहे, ओल आत येते, हे मला ठाऊक होतं. तरी मी डबा पोटाशी घट्ट धरला. इंजिनाने एक उचकी दिली, मग दुसरी. मग गाडी हळूहळू थकत वळणापर्यंत गेली आणि गप्प झाली. पावसाचं पाणी कपारीतून ठिबकत होतं तेवढाच आवाज. भाऊ कोणाकडेच न बघता म्हणाले, "आली."

ते उतरले, वाटी उघडून पाहिली, कोरडी. मागे टाकीकडे आले, तिसरा कान लावला, डोळे मिटले. बऱ्याच वेळाने त्यांनी तो गाडीच्या पाठीवर ठेवला, चार पावलं लांब जाऊन तोंड फिरवून उभे राहिले आणि धुक्याला म्हणाले, "धाकटीला म्हणावं, ऐकायचं आसंल तर ऐक."

तीस वर्षांत त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हर कोणाला हात लावू दिला नव्हता. मी उतरले. मूठ अजून गरम होती. टोक टाकीच्या पत्र्याला टेकवून मूठ कानामागे धरली आणि आधी काहीच आलं नाही. मग आलं. दात मिटून कोणी बारीक श्वास आत ओढावा, ओढावा, ओढतच राहावा आणि तो पुरा होऊ नये, तसा आवाज. शेवटच्या दिवशी बाई असाच श्वास ओढत होत्या. मी कान काढायला आणि भाऊंनी येऊन झाकण फिरवायला एकच गाठ पडली. हुश्श. अगदी जवळून, कानाशी. मी मागे सरले, आणि सरताना भाऊंच्या हातातलं झाकण मला खालून दिसलं. दुधाच्या पिशवीचा गोल, त्याच्यावर निळ्या अक्षरात अर्धवट कापलेलं "ताजे".

तेलाचा नवा डबा फोडताना एकच भोक पाडलं की तेल गचके खात येतं आणि मग अडतं. दुसरं भोक पाडावं लागतं, वारा आत जायला. पाच वर्षांच्या पोरीलाही हे ठाऊक असतं. टाकीतलं पेट्रोल निघून जात होतं आणि त्याच्या जागी वारा आत जायला मी जागाच ठेवली नव्हती. घरून निघताना भाऊ काठी बुडवायला झाकण उघडत, तिथून खिंडीच्या माथ्यापर्यंत टाकीचा श्वास पुरायचा. दर वेळी तेवढाच, म्हणून दर वेळी तेच वळण. येताना भाऊ टपरीवर चहाला थांबून गाडीला हवा लागावी म्हणून तिची सगळी झाकणं उघडून ठेवत, म्हणून येताना ती कधी अडली नाही. अंगणात अडली नाही ती त्या काठीमुळे. बाई नव्हत्याच. मी होते.

हे सांगायला मी तोंड उघडलं तेवढ्यात धुक्यातून जीप आली. दिवे दिसले आणि गेलीसुद्धा. माझा पदर तिच्या वाऱ्याने ओढला गेला, गाडीचा उजवा आरसा फुटून रस्त्यावर पसरला. भाऊ झाकण हातात धरून गाडीच्या पाठीवर थोपटत होते. "काय न्हाई, काय न्हाई," म्हणत होते. गाडीला म्हणत होते की मला, ते कळलं नाही. आमच्यात तसंही कधी कळत नाही.

सहा दिवस मी ते मनात घेऊन फिरले. सांगावं तर भाऊंच्या गुरुवारातून बाई जाणार आणि त्या जागी माझी दुधाची पिशवी येणार. न सांगावं तर पुढची जीप आरशावर भागवेल असं नाही. बुधवारी दुपारी भाऊ आडवे झाले तेव्हा मी पोती शिवायचं दाभण घेतलं आणि शेडमध्ये गेले. गोल काढवेना. ते बाईंचं म्हणून एवढे दिवस ज्याला कोणी हात लावला नाही, ते मी कशी काढू. मी त्याला एक भोक पाडलं, आरपार. झाकण पूर्ववत लावलं आणि कोणी नसताना टाकीला सांगितलं, चुकले.

गुरुवारी भाऊ नेहमीपेक्षा तासभर आधी घरी आले. हात धुतले नाहीत. शेडमध्ये गाडीमागे उभं राहून त्यांनी झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. काही आवाज आला नाही. ताटातली भाकरी तशीच परत आली. स्क्रू ड्रायव्हर त्यांनी खिळ्याला टांगला. पुढच्या बुधवारी पंख्याचं बटण बंद करून म्हणाले, "उद्या जायाचं न्हाई. आता कशाला." गाडीवर ताडपत्री पडली. महिनाभर ते ओट्यावर बसून होते, रस्त्यावरून कोणतीही मोटार गेली तरी मान वर करत नव्हते. लोक म्हणाले, भाऊंची गाडी बरी झाली आणि भाऊ बंद पडले.

मग एका गुरुवारी मी ताडपत्री ओढून काढली. दोऱ्या मला सुटेनात, विळीने कापल्या. लोणच्याचा डबा घेतला आणि गाडीत जाऊन बसले, मागे डावीकडे. भाऊ ओट्यावरून बघत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग उठले, खिळ्यावरचा स्क्रू ड्रायव्हर कमरेला खोचला, टाकीत काठी बुडवून पाहिली आणि गाडी चालू केली. त्या दिवशी आरशालाही काही सांगितलं नाही. खिंड चढलो. इंजिन सरळ वाजत होतं, उचकी नाही, काही नाही. वळण आलं.

मी म्हणाले, "भाऊ, थांबवा जरा. बाईंचं माहेर बघू."

गाडी क्षणभर डगमगली. भाऊंनी ती वळणावर थांबवली नाही. वळणापुढे टपरीशेजारी मोकळं मैदान आहे, तिथे रस्ता सोडून नेली आणि किल्लीने बंद केली. खाली धुकं फाटलं होतं, पाण्याची एक पट्टी दिसत होती. आम्ही दोघं आत बसून होतो, ते पुढे, मी मागे.

"हितनं नीट दिसत न्हाई," भाऊ म्हणाले. आरशाला नाही, मला.

"दिसतंय तेवढं बास."

भाऊंनी किल्ली काढून खिशात टाकली.

"दाभनाचं भोक हाय त्ये," ते म्हणाले. "आन वायसर बी तुझंच. हिचं गोल कसं, वाटी ठिवून आखल्यावानी. तुझं वाकडं."

मी पुढच्या सीटला धरून वाकले. "मग तुमाला ठाव हुतं?"

"पयल्या महिन्यातच कळलं. टाकीत वारा जाईना, दुसरं काय आसनार."

"मग काढलं का न्हाई?"

भाऊंनी पाण्याकडे बघितलं. "हात झाला न्हाई."

"आन त्ये जेट धुवत, टाकी उतरवत बसला हुता, त्ये?"

"तू दाराआड हुबी ऱ्हायाचीस ना बघत," ते म्हणाले. "मग काय करू."

मला हसू आलं. हसताना लक्षात आलं की मी त्यांच्यासमोर बसले आहे, डोक्यावर पदर नाही आणि तीस वर्षांचं सगळं मोडलं आहे. पण तिथे बघायला कोणी नव्हतं. पाणी तेवढं होतं.

ह्याला आता काही वर्षं झाली. भाऊंचे डोक्याचे दोन्ही कान गेलेत. लेकीने कानाचं मशीन आणून दिलं, ते त्यांनी पहिल्याच दिवशी उघडून पेट्रोलने धुतलं. त्यामुळे मी तीस वर्षं जेवढं बोलले नाही तेवढं आता ओरडून बोलावं लागतं, आणि आमटीत मीठ कमी आहे की जास्त, ते अख्ख्या गल्लीला कळतं. डोळे मात्र शाबूत आहेत. गुरुवारी गाडी तेच चालवतात, आवाज मी ऐकते. चढाला कशी वाजतीय, विचारतात. मी मागून ओरडते, बरी वाजतीय. माझी जागा आता मागे उजवीकडेच. त्या एका गुरुवारनंतर मी डावीकडे बसले नाही.

मैदानात गाडी उभी केली की भाऊ कमरेचा स्क्रू ड्रायव्हर काढून माझ्या हातात देतात. खाली ठेवत नाहीत, हातात देतात. मी उतरून टाकीला लावते. ते खिडकीतून मान काढून बघत असतात. "काय म्हनतीय?"

मी ओरडते, "श्वास घेतीय."

हे मी त्यांचं मन राखायला म्हणत नाही. झाकणाला भोक आहे, मी दर महिन्याला दाभण घालून ते मोकळं आहे ना, बघते. किल्ली त्यांच्या खिशात असते, इंजिन थंड होत आलेलं असतं. टाकीतून आवाज यायला नको, एवढं आता मलाही कळतं. पण येतो. बारीक, लांब, थकून आलेल्या माणसाचा. तो पुरता संपेपर्यंत मी मूठ कानाशी धरून थांबते, आणि मग त्यांना हाताने खूण करते, चला.